हजेरीचा रकाना: शाळेच्या अनुदानाची जुनी गोष्ट

नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी.

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. अनुदानाचा अर्ज. गरीब वस्तीतल्या शाळेला काहीतरी वेगळं करून बघायचं असतं, त्यासाठी पैसे लागतात, आणि पैसे मागायला अर्ज लागतो. यात इतिहास कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण दोन वर्षांपूर्वी एक अर्ज लिहिताना मी एक लबाडी केली, आणि ती लबाडी दीडशे वर्षं जुनी आहे हे मला नंतर कळलं. त्याची ही गोष्ट.

अर्ज

मराठवाड्यातलं एक गाव. नाव सांगत नाही. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. पटावर ५८ मुलं. त्यातल्या ३१ मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणं भागच असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे धाकटं पोर सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून सात-आठ वर्षांची पोरगीही बरोबर. गावात हंगामी वसतिगृह निघालं तर काही मुलं राहतात. पण सगळी राहत नाहीत. जी जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात, आणि तोवर वाचायला शिकलेलं निम्मं विसरलेलं असतं.

तिथल्या बाईंनी एक कल्पना काढली होती. जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक पिशवी द्यायची. पिशवीत गोष्टींची पाच-सहा पातळ पुस्तकं, एक वही, खडू, पाटी. उसाच्या फडावर आईबापांकडे फोन असतोच, तर दर रविवारी संध्याकाळी बाई फोन करणार आणि मूल फोनवर एक पान वाचून दाखवणार. गणितासाठी वेगळं पुस्तक नाही. मोळ्या मोजायच्या, गाडीत किती बसल्या ते वहीत लिहायचं, आठवड्याची बेरीज करायची. फडावर जे आहे त्यातूनच गणित.

मला ही कल्पना फार आवडली. खर्चही मोठा नव्हता. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला लिहिता येतं, तुम्ही अर्ज करून द्या." एका कंपनीच्या सामाजिक निधीचा फॉर्म होता. मी बसलो.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: गेल्या वर्षीची सरासरी हजेरी. खाली बारीक अक्षरात अट, किमान ८५ टक्के. आता पूर्ण वर्षाची सरासरी काढली तर ती येत होती ६५ च्या आसपास. उघडच आहे. निम्मी शाळा निम्मं वर्ष गावातच नसते. मग मी काय केलं? जून ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांची सरासरी काढली. ती आली ९१. आणि ९१ लिहून मोकळा झालो. फॉर्ममध्ये "कुठल्या महिन्यांची" असं विचारलंच नव्हतं. म्हणजे खोटं असं काही लिहिलं नव्हतं. अशी मी माझी समजूत घातली.

बाईंनी वाचलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, ९१ टक्के मुलं शाळेत येतात, तर मग पिशवी कुणासाठी मागतोय आपण?"

मला उत्तर देता आलं नाही. अर्ज तसाच पडून राहिला.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी आपल्या दुसऱ्याच एका भागासाठी १८८२ च्या हंटर आयोगाचे कागद वाचत होतो. त्यात जोतीराव फुल्यांचं निवेदन होतं. ते मी आधीही वाचलं होतं. पण या वेळी त्यातला एक परिच्छेद वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. तो परिच्छेद माझ्या फॉर्मबद्दल होता.

तिथवर पोचायला थोडं मागे जावं लागेल.

दक्षिणेचा पैसा

पुण्यात पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटली जायची. पर्वतीजवळच्या रमण्यात ब्राह्मणांची गर्दी जमायची आणि खजिन्यातून मोठी रक्कम जायची. १८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन हुशार माणूस. ही प्रथा एकदम बंद केली तर पुणं बिथरेल हे त्याला कळत होतं. म्हणून दक्षिणा चालू राहिली, पण त्यातला काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला गेला.

पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. म्हणणं असं, की दक्षिणेच्या पैशातला काही भाग चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षिसं द्यायला वापरा. गावात मोठा गदारोळ झाला. आपल्या हक्काचा पैसा दुसरीकडे चाललाय म्हटल्यावर सनातनी मंडळी खवळली. पण अर्ज मान्य झाला.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण आपण "अनुदान" म्हणतो तेव्हा जणू पैसा आकाशातून पडतो असं बोलतो. तसं नसतं. तो पैसा आधीच कुठेतरी जात असतो. अर्ज करणारा म्हणत असतो, हा पैसा तिकडे जातोय त्यातला थोडा इकडे वळवा. म्हणून भांडण होतं. आजही होतं, फक्त आवाज खालचा असतो.

याच काळात, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. १८५१-५२ मध्ये आणखी शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या. मुलींच्या जाहीर परीक्षा व्हायच्या, लोक बघायला यायचे. ही परीक्षा म्हणजे एक प्रकारचा अर्जच होता. या बघा मुली, या वाचतात, आता मदत करा. एर्स्किन पेरी, म्हणजे त्या वेळच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष, शाळा बघायला आले. १८५२ च्या नोव्हेंबरात जोतीरावांना सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. कुठे झाला? विश्रामबागवाड्यात. ज्या वाड्यात दक्षिणेच्या पैशावर संस्कृत पाठशाळा चालत होती, त्याच वाड्यात. आणि पुढे त्या दक्षिणेच्या फंडातूनच मुलींच्या शाळांना मदतही मिळाली.

म्हणजे बघा, श्रावणातल्या रमण्यापासून निघालेला पैसा तीस-पस्तीस वर्षांत मुलींच्या शाळेपर्यंत आला. आपोआप आला नाही. कुणीतरी मागितला, कुणीतरी शिव्या खाल्ल्या, आणि आला.

मुक्ताचा निबंध कुठल्या रकान्यात?

या शाळांमधली एक मुलगी मुक्ता साळवे. मांग समाजातली. चौदाएक वर्षांची असेल. तिने महार-मांगांच्या दुःखाबद्दल एक निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो "ज्ञानोदय" मध्ये छापून आला. आपल्या लोकांना माणूस म्हणून का वागवत नाहीत, असा थेट सवाल त्या पोरीने विचारला.

मला सांगा, हा निकाल कुठल्या तक्त्यात बसवायचा? वाचन: पास. लेखन: पास. आणि पुढे? तीन-चार वर्षांच्या शाळेनंतर एक पोर उभं राहून आख्ख्या समाजाला प्रश्न विचारतं. यापेक्षा मोठा "परिणाम" कुठल्या शाळेने दाखवलाय? पण हा परिणाम मोजायचा रकाना तेव्हाही नव्हता.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे आलं ते नेमकं उलट होतं.

निकाल दाखवा, पैसे घ्या

१८५४ साली वुडचा खलिता आला. इथल्या शिक्षणाची पुढची चौकट त्याने घालून दिली. त्यात एक नवी गोष्ट होती: अनुदान. सरकार सगळ्या शाळा स्वतः काढणार नाही. लोकांनी, संस्थांनी, मिशनऱ्यांनी शाळा काढाव्यात, सरकार मदत देईल. अटी होत्या: शाळेचं व्यवस्थापन नीट हवं, तपासणी मान्य हवी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यायला हवी.

ऐकायला छान आहे. पण विचार करा. मदत कुणाला मिळणार? जो आधी शाळा काढू शकतो त्याला. ज्याच्याकडे इमारत आहे, कारभारी मंडळ आहे, फी देणारे पालक आहेत त्याला. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्यासाठी अनुदान नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. गरज जास्त तिथे पात्रता कमी, हे गणित तिथूनच सुरू झालं.

मग इंग्लंडातून दुसरी गोष्ट आली. १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने तिथल्या शाळांसाठी नियम केला, की अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर द्यायचं. लहान मुलं सोडली, तर एका मुलामागे बारा शिलिंग. त्यातले चार हजेरीचे, आठ परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित, यातल्या प्रत्येक विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. लो साहेबांचं म्हणणं सरळ होतं: व्यवस्था महाग पडली तर ती कामाची असेल, आणि कामाची नसेल तर निदान स्वस्त पडेल. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी तेव्हा शाळा तपासनीस होता. त्याने या पद्धतीवर कडाडून टीका केली. पण ती चालू राहिली.

१८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात ही पद्धत आली. आपल्याकडे तिचं नाव पडलं निकालानुसार अनुदान.

चालायचं कसं? वर्षातून एकदा तपासनीस यायचा. ठरलेल्या दिवशी. मुलं इयत्तेनुसार उभी करायची, प्रत्येकाची तोंडी-लेखी परीक्षा. जो पास त्याचे पैसे. जो नापास त्याचे नाहीत. जो त्या दिवशी आलाच नाही, त्याचेही नाहीत.

आता तुम्ही मास्तर आहात असं समजा. तुमचा पगार या पैशावर आहे. तुम्ही काय कराल? जे मूल काठावर आहे त्याच्यावर मेहनत घ्याल. जे हमखास पास होणार त्याला सोडून द्याल. आणि जे होणारच नाही त्याला तर पहिल्यांदा सोडाल. क्रमिक पुस्तक पाठ करून घ्याल, कारण तपासनीस त्यातूनच विचारणार. नवीन काही करून बघायची हिंमत कराल? नाही करणार. एक वर्ष प्रयोग फसला की घरी चूल पेटायची नाही.

इंग्लंडात नेमकं हेच झालं. इथेही त्याच तक्रारी आल्या. मास्तर वाईट होते म्हणून नाही. फॉर्मच तसा होता.

१९ ऑक्टोबर १८८२

१८८२ साली सरकारने शिक्षणाची पाहणी करायला आयोग नेमला. विल्यम हंटर अध्यक्ष. गावोगावच्या लोकांनी निवेदनं दिली, साक्षी दिल्या. पुण्यातून जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं, त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२.

या निवेदनातल्या काही गोष्टी शाळेतही शिकवतात. सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांचं मुख्य म्हणणं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, नांगराला हात लावायला ज्यांना लाज वाटत नाही असे. त्यांना किमान बारा रुपये पगार द्या. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असू द्या.

थोडं थांबून ही यादी बघा. पोराच्या आयुष्यात जे आहे त्यातून शिकवा, असं हा माणूस १८८२ साली सांगतोय. आमच्या बाईंच्या मोळ्यांच्या गणिताला आपण "नावीन्यपूर्ण" म्हणतो. ते इतकंही नवीन नाही.

पण मला खुर्चीत सरळ बसवलं ते पुढच्या मुद्द्याने. फुले म्हणतात, आता माझ्या शब्दांत सांगतो, की निकाल बघून अनुदान द्यायची पद्धत गरीब आणि अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला योग्य नाही. कारण त्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही. या लोकांसाठी स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला कुठलाही मास्तर पुढे येणार नाही, कारण त्यावर त्याचं पोट भरणार नाही. म्हणून गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन लागेलच.

शिष्यवृत्त्यांबद्दलही ते असंच बोलतात. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणं तत्त्व म्हणून न्याय्य दिसतं, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यात ते त्याने पोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवा.

हे लिहिणारा माणूस बाहेरून सल्ला देत नव्हता. त्याने स्वतः नऊ-दहा वर्षं अशा शाळा चालवल्या होत्या. निवेदनातच ते सांगतात, की नंतर काही कारणांनी त्यांनी त्या कामातून अंग काढून घेतलं. कारणं सांगायची इथे गरज नाही, असं म्हणून ते पुढे जातात. महार-मांगांची शाळा अजून आहे, पण तिची अवस्था समाधानकारक नाही, असंही लिहितात. ते वाक्य मी परत परत वाचलं. शालजोडी मिळाली, कौतुक झालं, साहेब बघून खूष झाले, आणि तीस वर्षांनी सगळ्यात गरीब मुलांची शाळा समाधानकारक नाही. सत्कार एकदाच होतो, मास्तरचा पगार दर महिन्याला लागतो.

आयोगाने काय केलं?

आयोगाने फुल्यांचं ऐकलं का? पूर्ण नाही. सक्तीच्या शिक्षणाची मागणी बाजूलाच राहिली. प्राथमिक शाळांचं अनुदान सर्वसाधारणपणे निकालावरच द्यावं, अशी शिफारस आयोगाने केली. पण त्या शिफारशीला एक शेपूट जोडलं: मागास भागातल्या किंवा विशेष परिस्थितीतल्या शाळांना अपवाद करता येईल, त्यांना वेगळ्या नियमांनी मदत द्यावी.

अपवाद. हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करून मी बाजूला लिहिलं: बाईंना फोन करणे.

पुढचं थोडक्यात. इंग्लंडाने १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. हिंदुस्थानात १९०४ साली कर्झनच्या काळात शिक्षण धोरणाचा जो ठराव झाला, त्यात या पद्धतीवर टीका झाली आणि ती सोडून द्यायचं ठरलं. म्हणजे फुल्यांनी जे १८८२ ला सांगितलं ते मान्य व्हायला बावीस वर्षं लागली. आणि ते पाहायला ते नव्हते. १८९० मध्येच ते गेले.

अर्ज न करणाऱ्यांची वाट

मध्ये एक वळण घेतो, कारण कुणीतरी नक्की विचारणार: अर्ज करायचाच कशाला? स्वतःच्या बळावर करावं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते करून बघितलं. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद. मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि शिकायची. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, मुलांना जेवायला घालायला अंगावरचं सोनं मोडलं, अगदी मंगळसूत्रासकट. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगतो. पण जरा दुसऱ्या बाजूनेही बघा. एका बाईला मंगळसूत्र मोडावं लागलं, याचा अर्थ ज्याने पैसा द्यायला हवा होता त्याने तो दिला नाही.

आणि काम वाढलं तसं रयतलाही सरकारी अनुदान घ्यावंच लागलं. स्वातंत्र्यानंतर लगेचच, भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली तेव्हा संस्थेचं अनुदान थांबवलं गेलं. लोकांत ओरड झाली, मोठमोठी माणसं मध्ये पडली, आणि ते परत सुरू झालं. अनुदान घेणाऱ्याने तोंड उघडावं की नाही, हा प्रश्नही जुनाच आहे. भाऊराव उघडत होते. आणि त्यांच्या मागे लोक उभे राहिले म्हणून निभावलं.

आजचा रकाना

आजचं चित्र तुम्हाला माहीत आहे. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून दरवर्षी शाळा अनुदान येतं, त्यात खडू-फळा, वीजबिल, डागडुजी. नवीन काही करायला त्यात फारसं उरत नाही. दुसरीकडे खासगी विनाअनुदानित शाळांचे शिक्षक. कागदावरचा "कायम" हा शब्द २००९ साली गेला, मग २०१६ पासून वीस टक्के, पुढचे वीस टक्के असं अनुदान थेंबाथेंबाने. त्यासाठी आझाद मैदानावर बसलेले शिक्षक आपण सगळ्यांनी बघितलेत.

आणि तिसरा पैसा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, त्यात शिक्षण येतं. गावोगावच्या शाळांपर्यंत त्यातून चांगल्या गोष्टी पोचल्या आहेत, हे मी स्वतः बघितलंय. पण त्याचे फॉर्म बघा. हजेरी किती? प्रकल्पाआधीचे गुण किती, नंतरचे किती? किती शाळांत हे वाढवता येईल? सगळे प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचा पैसा देणाऱ्याने हिशेब मागायलाच हवा. फुल्यांचंही हिशेबाशी भांडण नव्हतं. चांगलं काम करणाऱ्या मास्तरला जास्त द्या, असं तेही म्हणत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच देणारा हिशेब गरिबाच्या दारात लावू नका.

आणि या फॉर्मपुढे आपण काय करतो? जून ते ऑक्टोबरची सरासरी काढतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या मास्तरने कच्चं पोर बाजूला ठेवलं, तसं मी ३१ मुलांना आकडेमोडीत बाजूला ठेवलं. ज्यांच्यासाठी पिशवी मागत होतो, नेमकं त्यांनाच.

मग काय झालं?

मी बाईंना फोन केला. आम्ही अर्ज नव्याने लिहिला. हजेरीच्या रकान्यात ६५ लिहिलं आणि एक वेगळं पान जोडलं. त्यावर महिन्यावार हजेरी. नोव्हेंबरपासून आकडा कसा खाली येतो, कुणाची मुलं जातात, कुठे जातात, कधी परत येतात. शेवटी लिहिलं: हीच ती मुलं, यांच्यासाठीच हे मागतोय, म्हणून हजेरीच्या अटीला अपवाद करावा. आणि परिणाम मोजायचाच असेल तर वार्षिक परीक्षेने मोजू नका. मूल परत आल्यावर पिशवीतलं पुस्तक वाचतं का, ते पाडव्यानंतर येऊन बघा.

त्या कंपनीकडून नकार आला. अटीत बसत नाही, एवढंच कळवलं. मी बाईंना म्हणालो, ९१ लिहिलं असतं तर कदाचित मिळालं असतं. त्या म्हणाल्या, "असू द्या. मग पुढच्या वर्षी ९२ लिहावं लागलं असतं."

तेच पान घेऊन आम्ही एका छोट्या विश्वस्त निधीकडे गेलो. त्यांनी फोनवर तासभर प्रश्न विचारले, आणि मागितले त्याच्या निम्मे पैसे दिले. अट एकच: जे होईल ते लिहून कळवा, फसलं तरी. उरलेले पैसे शाळा व्यवस्थापन समितीने गावातून गोळा केले. त्यात मुकादमानेही पाचशे दिले, याची गंमत वाटते.

दिवाळीनंतर ३१ पिशव्या गेल्या. पाडव्याला १९ परत आल्या. बाकीच्यांतल्या काही भिजल्या, काही हरवल्या, एक पिशवी धाकट्या भावाला उशी म्हणून लागली ती फाटली. रविवारचे फोन ठरल्याप्रमाणे झाले नाहीत. फडावर रेंज नसायची, किंवा माणसं रात्रीपर्यंत गाडी भरत असायची. नियमित वाचून दाखवणारी मुलं अकरा. मोळ्यांचं गणित मात्र जवळपास सगळ्यांनी केलं. एका मुलीने तिच्या वहीत बापाच्या कोयत्याचा आख्ख्या हंगामाचा हिशेब लिहून आणला होता, आणि तो मुकादमाच्या हिशेबाशी जुळत नव्हता. तिचा बाप ती वही घेऊन मुकादमाकडे गेला. पुढे काय झालं ते बाईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे सगळं अहवालात लिहिलं. १९ पिशव्या, ११ मुलं, फाटलेली उशी, आणि ती वही. वहीसाठी अहवालात रकाना नव्हता, म्हणून "इतर" मध्ये टाकलं. दुसऱ्या वर्षीचे पैसे मिळाले. या वेळी पिशवी मेणकापडाची आहे.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, संस्थांत काम करतात, त्यांना माझं सांगणं एवढंच. अर्ज लिहिताना अडचणीचा आकडा लपवू नका, तो पहिल्या पानावर आणा. तुम्ही पैसे त्या आकड्यासाठीच मागताय. अट बसत नसेल तर अपवाद लेखी मागा, कारण मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही. तपासणीचा महिना तुम्ही सुचवा. आणि एकदाच्या खर्चाशेजारी दर महिन्याचा खर्चही मांडा, नाहीतर शालजोडी मिळेल आणि शाळा बंद पडेल.

आणि जे पैसे देण्याच्या बाजूला बसतात, तेही हा पॉडकास्ट ऐकतात हे मला माहीत आहे. तुमच्या फॉर्ममध्ये "इतर" चा रकाना जरा मोठा ठेवा.

पुढच्या भागात साखरशाळांबद्दल बोलू. कारखान्यांच्या आवारात भरणाऱ्या या शाळा कशा सुरू झाल्या, त्यांचं पुढे काय झालं. तुमच्यापैकी कुणी साखरशाळेत शिकलं असेल, शिकवलं असेल, तर मला नक्की कळवा. तुमच्याशी बोलायला आवडेल.

तोवर, नमस्कार.